एसक्यूलाइट, काळी खिडकी आणि वाचनालयाची यादी

कोयनामाई

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाचं (ब वर्ग, कऱ्हाड तालुका, नाव नको) सगळं दप्तर एक्सेलमध्ये आहे. दाखल नोंदवही एका फाइलीत, सभासद दुसऱ्या, देवघेव तिसऱ्या. पुस्तकं अठरा हजारांच्या आसपास. भरणारे हात वेगवेगळे, त्यामुळे 'कादंबरी' हा विषय चार प्रकारे लिहिलेला आहे आणि तारखांचं तर विचारूच नका. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे वार्षिक अहवाल पाठवायची वेळ आली की फिल्टर लावा, मोजा, कागदावर उतरवा, पुन्हा मोजा आणि दोन्ही वेळचे आकडे जुळत नाहीत.

भाचा म्हणाला, "मावशी, एसक्यूलाइट टाक, कमांड लाइनवर दोन ओळींत होईल." एसक्यूलाइट म्हणजे तक्त्यांत माहिती ठेवणारा डेटाबेस प्रोग्राम आणि कमांड लाइन म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, एवढं बोलून तो पुण्याला गेला. लॅपटॉपवर ते उघडलं की काळी खिडकी येते. मी काहीतरी टाइप करते, एंटर मारते, तर तीन टिंबं येतात आणि पुढे काहीच होत नाही. विंडोज आहे. कुणी नीट सांगेल का?

पाटीपेन्सिल

कोयनाताई, तीन टिंबं म्हणजे तुम्ही अर्धविराम दिलेला नाही. वाक्य संपलं हे त्याला कळलेलं नाही, तो पुढच्या ओळीची वाट बघतोय. नुसता अर्धविराम टाका आणि एंटर मारा, सुटाल.

सविस्तर सांगतो. आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमनमध्येच द्यायच्या, त्यातले आकडेही रोमनच. टेबलांची आणि कॉलमांची नावं मात्र खुशाल देवनागरीत ठेवा. एसक्यूलाइटला ती चालतात, भोवती अवतरणचिन्हंही लागत नाहीत. कळफलक सारखा बदलावा लागतो तेवढाच ताप.

त्या खिडकीत दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि नवीन माणूस अडतो तो इथेच. टिंबाने सुरू होणाऱ्या आज्ञा त्या अवजाराला असतात: .टेबल्स (कुठली टेबलं आहेत), .स्कीमा (ती कशी बनली आहेत), .हेल्प, .क्विट. त्यांना अर्धविराम नको. बाकी सगळं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), ते डेटाबेसला. त्याला अर्धविराम हवाच.

सुरुवात अशी करा. एक्सेलमधून प्रत्येक शीट 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात सेव्ह करा. नुसतं 'सीएसव्ही' निवडलंत तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतील. मग काळ्या खिडकीत फाइलीचं नाव देऊनच सुरू करा:

एसक्यूलाइट३ वाचनालय.डीबी

नाव न देता सुरू केलंत तर तो मेमरीतला तात्पुरता डेटाबेस उघडतो आणि खिडकी बंद केली की सगळं पाण्यात. सुरुवातीलाच तो तशी सूचना देतो, पण ती कुणी वाचत नाही. तसं झालंच तर बाहेर पडण्याआधी .सेव्ह वाचनालय.डीबी म्हणा.

आता टेबल. इम्पोर्टला स्वतः टेबल बनवता येतं, पण तुम्ही आधी बनवा:

क्रिएट टेबल पुस्तके (दाखल_क्रमांक इंटिजर प्रायमरी की, नाव टेक्स्ट, लेखक टेक्स्ट, विषय टेक्स्ट, किंमत रिअल);

मग

.इम्पोर्ट --सीएसव्ही --स्किप १ पुस्तके.सीएसव्ही पुस्तके

स्किप १ म्हणजे मथळ्याची ओळ सोड. टेबल आधीपासून असताना ते विसरलं तर मथळाही पुस्तक म्हणून आत शिरू बघतो.

स्वतः बनवायला सांगण्याचं कारण असं की दाखल क्रमांक मजकूर म्हणून आत गेला तर क्रम १, १०, १००, १०१, २ असा लागतो. आणि प्रायमरी की (तोच क्रमांक दुसऱ्यांदा चालणार नाही अशी अट) लावली की एकाच दाखल क्रमांकाची दोन पुस्तकं असतील तर इम्पोर्टच ओरडून ओळ क्रमांक सांगतो. ती ओरड जपून ठेवा, नोंदवही तपासायला तीच यादी लागेल.

लोणीधपाटे

+१. वाचनखूण साठवली.

अवांतर: एसक्यूलाइट मुळात आलं अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेवरच्या एका प्रकल्पातून. रिचर्ड हिप हे त्यावर काम करत होते. मोठ्या डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की यांचा प्रोग्रामही आडवा. मग त्यांनी ठरवलं की सर्व्हरच नको, थेट फाइल वाचू. २००० साली पहिली आवृत्ती आली. आज प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये ते आहे, क्रोम-फायरफॉक्समध्येही. लायसन्सची भानगड नाही, सार्वजनिक मालकीचं. आणि वाचनालयाचा विषय आहे म्हणून सांगतो, डेटा दीर्घकाळ जतन करण्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस ज्या स्वरूपांची शिफारस करते त्यात एसक्यूलाइट आहे.

रातकिडा

पाटीपेन्सिलने बरोबर सांगितलंय. मी फक्त धोक्याच्या पाट्या लावतो, पोटापाण्यासाठी रोज हेच करतो.

फाइलीचं नाव चुकवलंत, म्हणजे वाचनालय.डीबी ऐवजी वाचानलय.डीबी, तर एसक्यूलाइट तक्रार करत नाही. नवी रिकामी फाइल समजून उघडतो. मग .टेबल्स म्हटलं की काहीच दिसत नाही आणि माणूस 'डेटा गेला' म्हणून घाम पुसत बसतो. आधी .डेटाबेसेस म्हणून बघा, कुठली फाइल उघडली आहे ते पूर्ण पत्त्यासकट सांगतो.

दुसरं. मजकूर एकेरी अवतरणात द्या. दुहेरी अवतरण कॉलमच्या नावासाठी असतं. जुन्या आवृत्त्या दुहेरीतल्या शब्दाचा कॉलम सापडला नाही तर त्यालाच मजकूर समजून पुढे जायच्या. कॉलमचं नाव चुकलं तरी एरर नाही, उत्तर मात्र रिकामं. ३.४१ पासून कमांड लाइनवर ही सवय बंद केली आहे. सुरू होताना पहिल्या ओळीत आवृत्ती दिसते, ती बघा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. अपडेट किंवा डिलीट करायच्या आधी तीच व्हेअरची अट लावून सिलेक्ट काउंट(*) करा. आकडा अपेक्षेएवढा आला तर पुढे जा. आणि पुढे जातानाही:

.चेंजेस ऑन
बिगिन;
अपडेट पुस्तके सेट विषय = 'कादंबरी' व्हेअर ट्रिम(विषय) इन ('कांदबरी', 'कादंबरि', 'कादबरी');

किती ओळी बदलल्या ते लगेच दिसेल. पटलं तर कमिट (बदल पक्के). नाही पटलं तर रोलबॅक (बदल रद्द). एंटर मारला की तो मारला, इथे एक्सेलसारखं कंट्रोल झेड नाही.

बंड्या_टोरांटो

रातकिडा, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या पीएसक्यूएल या कमांड लाइनमध्ये तुम्ही ट्रान्झॅक्शनच्या आत (बिगिन आणि कमिटच्या मध्ये) असलात की प्रॉम्प्टमध्येच तारांकन दिसतं, आणि मध्ये एरर आली तर उद्गारचिन्ह. एसक्यूलाइटमध्ये तसलं काही नाही, बिगिन केलंय की नाही ते आपणच लक्षात ठेवायचं. म्हणून म्हणतो, ताईंना पोस्टग्रेस का नाही सुचवत? बॅकस्लॅश डी म्हटलं की टेबलाची कुंडली, बॅकस्लॅश एक्स म्हटलं की आडव्याचं उभं. बॅकस्लॅश वॉच लावून ठेवलं तर तीच क्वेरी ठरावीक सेकंदांनी आपोआप चालते.

रातकिडा

बंड्या, पीएसक्यूएल मलाही आवडतं, कमांड लाइनचं त्याहून चांगलं अवजार मी वापरलेलं नाही. पण त्याच्यामागे सर्व्हर आला. तो बसवा, त्याचे युजर, त्याचे पासवर्ड, विंडोज अपडेट झाल्यावर तो सुरू आहे का ते बघा. अठरा हजार पुस्तकांच्या वाचनालयात हे कोण करणार? तुझ्या कंपनीत त्यासाठी पगारी माणूस असतो. इथे एक फाइल आहे, पेनड्राइव्हवर मावते.

स्वल्पविराम

मायएसक्यूएल हा आणखी एक डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी एक गंमत. त्याच्या कमांड लाइन क्लायंटला 'सेफ अपडेट्स' नावाचा पर्याय आहे: अटीत की नसेल आणि लिमिटही नसेल तर अपडेट आणि डिलीट नाकारतो, सिलेक्टही हजार ओळींवर थांबवतो. याच पर्यायाचं दुसरं अधिकृत नाव आहे 'आय अ‍ॅम अ डमी'. आमच्याकडे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर सगळ्यांना तो लावणं सक्तीचं आहे, मोठ्या साहेबांसकट.

कोयनामाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! पुस्तकं आत गेली. दोन दाखल क्रमांक दुबार निघाले, नोंदवहीत बघितलं तर तिथेच चूक आहे. सभासदही आत घातले, आणि तिथे अडले. गावानुसार मोजणी अशी केली:

सिलेक्ट गाव, काउंट(*) फ्रॉम सभासद ग्रुप बाय गाव ऑर्डर बाय २ डेस्क;

उंब्रज, मसूर, ओगलेवाडी, मलकापूर सगळं एकेकदा आलं. पण 'कऱ्हाड' तीनदा! तिन्ही अगदी सारखेच दिसतात. ट्रिम लावून बघितलं, तरी तीनच. 'कराड' लिहिलेले वेगळे आहेत, ते मला माहीत आहेत. हे तीन का?

शिवाय काळ्या खिडकीत मराठी वाचायला फार त्रास होतो. काना-मात्रा सुटी दिसते, चौकटी वाकड्यातिकड्या येतात.

पाटीपेन्सिल

दिसण्याचं आधी. खिडकीत एसक्यूलाइट सुरू करण्यापूर्वी सीएचसीपी ६५००१ ही आज्ञा द्या आणि जुन्या कमांड प्रॉम्प्टऐवजी विंडोज टर्मिनल वापरा. तरी पूर्ण सरळ होणार नाही, देवनागरीच्या रुंदीचा हिशेब अशा खिडक्यांना नीट जमत नाही. मी वेगळंच करतो: क्वेरीच्या आधीच्या ओळीत .एक्सेल लिहितो. मग पुढच्या एका क्वेरीचं उत्तर खिडकीत न येता थेट स्प्रेडशीटमध्ये उघडतं. फाइल हवी असेल तर .मोड सीएसव्ही आणि .वन्स अहवाल.सीएसव्ही. ओळ एकच बघायची असेल तर .मोड लाइन, प्रत्येक कॉलम स्वतंत्र ओळीवर येतो, मराठीला तोच बरा.

आता कऱ्हाड. हे चालवा आणि उत्तर इथे टाका (लेंग्थ म्हणजे लांबी, हेक्स म्हणजे अक्षरांमागचे बाइट):

सिलेक्ट डिस्टिंक्ट गाव, लेंग्थ(गाव), हेक्स(गाव) फ्रॉम सभासद व्हेअर गाव लाइक 'क%ड';

कोयनामाई

लेंग्थ एका कऱ्हाडची ६, उरलेल्या दोघांची ७. हेक्समधलं काही कळलं नाही, पण तिन्ही वेगवेगळे आहेत.

पाटीपेन्सिल

वाटलंच होतं. अर्धा र (तो डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा) युनिकोडमध्ये तीन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर अधिक हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि पाठोपाठ शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. कुठला येईल ते कळफलकावर अवलंबून. तुमच्याकडे फोनवरून भरणारे, इन्स्क्रिप्टवाले आणि उच्चारी टाइप करणारे असे तिघे असणार. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात, एसक्यूलाइट मात्र बाइट जुळवतो, त्याला तीन वेगळी गावं दिसतात. पहिल्यात सहा संकेतचिन्हं, बाकी दोन्हींत सात.

क्रमांक असे: र २३५२, ऱ २३५३, नुक्ता २३६४, हलन्त २३८१, अदृश्य जोडक ८२०५. खालच्या आज्ञेतला 'चार' हा आकडा नव्हे, क्रमांकावरून अक्षर देणारं फंक्शन आहे. म्हणून:

बिगिन;
अपडेट सभासद सेट गाव = रिप्लेस(गाव, चार(२३५२,२३६४), चार(२३५३));
अपडेट सभासद सेट गाव = रिप्लेस(गाव, चार(२३५२,२३८१,८२०५), चार(२३५३,२३८१));

मग पुन्हा मोजणी, एकच कऱ्हाड दिसला की कमिट. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांचा', 'किनाऱ्यावर' असले शब्द पुस्तकांच्या नावांत भरपूर असणार, तिथेही हेच चालवा. नाहीतर वाचक पुस्तक मागेल, कपाटात ते असेल आणि शोधात सापडणार नाही.

अदृश्य जोडक सरसकट उडवू नका. काही ठिकाणी तो जाणूनबुजून दिलेला असतो, जोडाक्षर फोडून दाखवायला. फक्त र-हलन्तनंतरचा बदला.

स्वल्पविराम

हे भारी आहे. आमच्या ग्राहकांच्या यादीत 'गोऱ्हे' सापडत नाहीत म्हणून तक्रार पडून आहे, उद्या हेच बघतो.

यावरून आठवलं, वर्णक्रमाचं काय करता? एसक्यूलाइट युनिकोडच्या क्रमांकानुसार लावतो, त्यामुळे ळ येतो ल च्या पाठोपाठ, क्ष सापडतो क मध्ये आणि ज्ञ ज मध्ये. मराठी कोशांत हे तिन्ही ह च्या नंतर.

रातकिडा

आयसीयूचं (निरनिराळ्या भाषांचे वर्णक्रम जाणणारं) एक्स्टेन्शन लोड केलं तर मराठी वर्णक्रम लागतो, पण ते स्वतः कंपाइल करावं लागतं, ताईंना कशाला त्यात ढकलता? ळ ने सुरू होणारं पुस्तक दाखवा, चहा माझ्याकडून. प्रश्न उरला क्ष आणि ज्ञ चा:

ऑर्डर बाय केस व्हेन नाव लाइक 'क्ष%' ऑर नाव लाइक 'ज्ञ%' देन १ एल्स ० एंड, नाव

शब्दाच्या मधल्या ळ साठी थोडं इकडेतिकडे होईल, यादी छापायला पुरतं.

कोयनामाई

एकच कऱ्हाड! आणि सभासदांच्या यादीत दुबार असलेले काहीजण आता एकमेकांखाली आले, आधी गाव वेगळं दिसत असल्याने लक्षातच येत नव्हतं.

आता देवघेव. तारखा बहुतेक दिवस/महिना/वर्ष अशा आहेत, काही टिंब देऊन, काही मराठी आकड्यांत. महिन्यागणिक किती पुस्तकं गेली ते हवंय. आणि वर्गणीची बेरीज फारच कमी येते.

रातकिडा

एसक्यूलाइटमध्ये तारीख हा प्रकारच नाही. वर्ष-महिना-दिवस असा मजकूर ठेवा, मग क्रमही नीट लागतो आणि तुलनाही. जे निश्चित ओळखीचं आहे तेवढंच आधी बदला:

अपडेट देवघेव सेट तारीख = सबस्ट्र(तारीख,७,४) || '-' || सबस्ट्र(तारीख,४,२) || '-' || सबस्ट्र(तारीख,१,२) व्हेअर तारीख लाइक '__/__/____';

लाइकमधली प्रत्येक अधोरेषा म्हणजे कुठलंही एक अक्षर. पण त्याच्याही आधी, सबस्ट्र(तारीख,४,२) > '१२' अशी अट लावून सिलेक्ट करा. काही निघालं तर त्या ओळींत महिना आधी आणि दिवस नंतर लिहिलाय, एक्सेलची सेटिंग अमेरिकन असली की असं होतं. अशा ओळी निघाल्या तर त्याच फाइलीतल्या ०३/०४ सारख्या तारखांवरही विश्वास ठेवू नका, मूळ रजिस्टर काढा. संगणक इथे काहीही मदत करू शकत नाही.

मराठी आकडे दहा वेळा रिप्लेस लावून रोमन करून घ्या, एकात एक. दिसायला भयंकर, काम पक्कं. वर्गणीचं दुखणंही त्यातलंच. मजकुराचा आकडा करताना एसक्यूलाइट सुरुवातीपासून जेवढं आकड्यासारखं दिसतं तेवढंच घेतो. स्वल्पविराम दिलेला बाराशे असेल तर स्वल्पविरामापाशी थांबतो आणि १ समजतो. मराठी आकड्यांतली रक्कम असेल तर ०. आधी स्वल्पविराम काढा, मग कास्ट करा (मजकुराचा आकडा करा).

मग महिन्यांची मोजणी सोपी:

सिलेक्ट सबस्ट्र(तारीख,१,७), काउंट(*) फ्रॉम देवघेव ग्रुप बाय १;

लोणीधपाटे

बॅकअपचं कुणीच बोललं नाही. फाइल एकच आहे म्हणून उघडी असताना कॉपी-पेस्ट करू नका. कुणी लिहीत असताना घेतलेली कॉपी अर्धवट निघू शकते. आतूनच .बॅकअप जुनी.डीबी द्या. शिवाय अधूनमधून .आउटपुट सगळे.एसक्यूएल देऊन .डम्प. तो नुसता वाचता येणारा मजकूर असतो, क्रिएट आणि इन्सर्टच्या ओळी, कुठल्याही एडिटरमध्ये उघडतो. आणि नंतर नुसतं .आउटपुट लिहायला विसरू नका, नाहीतर पुढची सगळी उत्तरं त्याच फाइलीत जात राहतील आणि तुम्ही रिकाम्या खिडकीकडे बघत बसाल.

बंड्या_टोरांटो

आणि ती फाइल गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून दोन संगणकांवर उघडू नका. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्येही नको, तिथे लॉक नीट लागतील याची खात्री नसते असं एसक्यूलाइटवालेच सांगतात. एका वेळी एकच जण लिहिणार. दोन खिडक्या उघडून एकीत बिगिन करून बदल अर्धवट सोडला, तर दुसरीत लिहायला गेल्यावर 'डेटाबेस इज लॉक्ड' येईल. घाबरू नका, पहिल्या खिडकीत कमिट किंवा रोलबॅक करा. काही न करता ती बंद केलीत तर बदल रद्द होतात.

कोयनामाई

महिन्यांचा तक्ता निघाला. टिंबवाल्या तारखा त्याच पद्धतीने बदलल्या. महिना बारापेक्षा मोठा असलेल्या ओळी फक्त एका वर्षाच्या निघाल्या, ते रजिस्टर कपाटातून काढलंय, हाताने तपासतेय. वर्गणीची बेरीज आता खजिनदारांच्या वहीशी जुळते. त्यांना मात्र खिडकीचा काळा रंग बघूनच शंका येते, म्हणून त्यांच्यासमोर .एक्सेल करून दाखवलं.

सगळ्या क्वेरी एका फाइलीत लिहून ठेवल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा टाइप कराव्या लागणार नाहीत ना? आणि कपाटावर बारकोड लावायचा विचार चाललाय, त्याचं कसं करावं?

पाटीपेन्सिल

नोटपॅडमध्ये लिहा, अहवाल.एसक्यूएल म्हणून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, आणि आत .रीड अहवाल.एसक्यूएल. टिंबाच्या आज्ञाही त्याच फाइलीत चालतात. ओळीच्या सुरुवातीला दोन उण्या चिन्हांनंतर लिहिलेला मजकूर टिप्पणी धरला जातो, तर कुठली क्वेरी अहवालाच्या कुठल्या रकान्यासाठी ते मराठीत लिहून ठेवा. अहवाल काढताना डेटाबेस --रीडओन्ली लावून उघडा, म्हणजे चुकून काही बदलायची सोयच नाही.

बारकोडसाठी वेगळा धागा काढा ताई, त्यात प्रिंटर, स्टिकर आणि डिंक यांचंच जास्त निघेल.